टोपणावर किरकोळ पोचे

कसबा बावडा, कोल्हापूर
श्रावण, २००६

प्रिय अमरेश,

पत्राला ‘प्रिय’ लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, त्यावर हुरळून जाऊ नकोस. फोनवरच तुझी खरडपट्टी काढली असती, पण घरातला फोन अव्वाच्या खाटेशेजारी आहे आणि मला जे बोलायचंय ते तिच्या कानावर जाता कामा नये. दाजींच्या मोबाइलवरून लावावा तर तू ‘मीटिंगमध्ये आहे, आक्का’ म्हणून कट करतोस. मला वाटतं पुण्यात माणसं जन्मतात मीटिंगमध्ये आणि मरतातही तिथंच. तेव्हा हे पत्र, तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. बायकोला दाखवून वाच नाहीतर लपवून वाच, पण शेवटपर्यंत वाच. कुठलीच गोष्ट तू शेवटपर्यंत वाचत नाहीस, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

इथलं म्हणशील तर बरं चाललंय. कारखान्याचा हंगाम संपल्यामुळे मळीचा वास थांबलाय. दाजींना शिरोलीत एका फाउंड्रीचं पॅटर्नचं काम मिळालंय, त्यामुळे ते रात्रीच घरी दिसतात. तुझी भाची रक्षिता कॉम्प्युटरच्या वर्गाला जाते आणि घरी येऊन मला शहाणपण शिकवते. हा गुण तिनं मामाचा उचललाय. अव्वाचे गुडघे पार गेले. अप्पा गेल्यापासून ती खिडकीशी बसून असते, सकाळी लिंगपूजा करते आणि पूजा आटोपली की रोज तेच बोलते. काय बोलते ते पुढे सांगते.

आधी गेल्या दिवाळीतल्या आपल्या भांडणाचं बोलू. तू लॅपटॉप आणि कॅमेरा घेऊन आलास, पायातले बूटही न काढता अप्पांच्या दुकानाच्या माळ्यावर चढलास आणि खाली येऊन म्हणालास, “आक्का, वर सोनं पडलंय.” सोनं नव्हतं रे ते, पितळ होतं. स्टीलची लाट आली तेव्हा सारं कोल्हापूर आज्ज्या-पणज्यांची भांडी मोडीत घालायला अप्पांच्या दुकानी यायचं आणि चकचकीत ताटल्या घेऊन जायचं. सगळी मोड भट्टीला जायची. पण एखादा मोराचा अडकित्ता, एखादं कडीचं घंगाळ, एखादा पानाचा डबा अप्पांच्या हातून भट्टीकडे सुटायचाच नाही. तो माळ्यावर जायचा. अव्वा चिडायची, की दुकान आहे का म्हाताऱ्या भांड्यांचा आश्रम! त्यातलं अप्पा विकायचेही, नाही असं नाही. पण गिऱ्हाइकाला आधी विचारायचे, ठेवणार कुठं? मुंबईचा तो हॉटेलवाला आठवतो ना, घंगाळात झाड लावणार म्हणाला होता? “मग पावणं, पलास्टिकची बादली घ्या की, हलकी पडंल,” असं म्हणून अप्पांनी त्याला चहा पाजून वाटेला लावला होता. तू तेव्हा अकरावीत होतास आणि चारचौघांत तुझी मान खाली गेली होती. माझी नव्हती गेली.

तेच सगळं तू इंटरनेटवर विकायला काढलंस. विकायला माझी ना नव्हती, हे तू विसरलास. अव्वाला औषधं लागतात, दुकान चालवायला कुणी नाही, माळा गळतोय. माझं भांडण होतं ते कुठल्या साइटवर विकायचं याबद्दल. मी अडाणी ठरले तरी रक्षिताला घेऊन राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत जाऊन बसले, बाजूला पोरं काय बघत होती तिकडं न बघता, आणि तू सांगितलेल्या तिन्ही साइट नीट पाहिल्या. परदेशातली होती तिच्यावर लिलाव चालायचा, पण शंभर वर्षांपुढची वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही, हे मीच तुला सांगितलं. कायदा इंजिनियरला माहीत नव्हता, भांडीवाल्याच्या पोरीला माहीत होता. दुसरी मुंबईची. तिथं विकणाऱ्याचं नाव-गाव दिसायचं, घेणाऱ्याला प्रश्न विचारता यायचे, आपल्याला त्याला विचारता यायचे. मी म्हटलं, हीच. अप्पा विचारायचे तसं इथं विचारता येतंय. तिसरी दिल्लीची. तिथं ना विकणाऱ्याचं नाव, ना घेणाऱ्याचं. आपण फोटो आणि चार ओळी पाठवायच्या, ते वस्तूला नंबर देणार. खपली की माल त्यांच्या गोडाऊनला पाठवायचा, तिथून तो कुठं जातो ते आपल्याला कळणार नाही.

आणि तू निवडलीस ती तिसरी. मी तोंड दुखेपर्यंत बोलले. तू हसलास. “आक्का, तू माऊस उलटा धरतीस आणि मला मार्केट शिकवतीस व्हय?” हे तू दाजींच्या देखत म्हणालास. पुण्यात राहून तुझी बोली शुद्ध झालीय, पण माझा पाणउतारा करायचा असला की तुला बरोबर कोल्हापुरी आठवते. मला वाटलं, तू आळशी आहेस. कुणी प्रश्न विचारले तर उत्तरं द्यायचा तुला कंटाळा, म्हणून ही बिनतोंडाची साइट. मी मुकाट्यानं तुझ्याबरोबर वस्तू पुसल्या, दुकानाच्या पिवळ्या कापडी पिशव्यांत गुंडाळल्या. भाऊ आळशी असला तरी भाऊच, असं मनाला समजावलं. तेव्हा तू का ती निवडलीस हे मला कळलं नाही. आता कळलंय, आणि तू आळशी असतास तर किती बरं झालं असतं असं वाटतं.

मागच्या महिन्यात निपाणीचे एक निवृत्त मास्तर दुकान शोधत आले. आपल्यातलेच लिंगायत, कपाळाला विभूती, हातात आपली पिवळी पिशवी. दिल्लीवाल्यांनी खोकं बदललं, आतली पिशवी कुणी उघडली नाही, आणि तिच्यावर अप्पांच्या दुकानाचं नाव ठळक छापलेलं. विकणाऱ्याचं नाव लपवायला एवढी लांबची साइट शोधलीस आणि माल गुंडाळलास तो बापाच्या नावात! शहाणा तो शहाणा आणि वर पुण्याचा. दाजी कामावर होते, मी एकटीच दुकान झाडत होते. मास्तरांनी पिशवीतून चांदीची डबी काढली आणि म्हणाले, “ताई, माझ्या नातवानं कॉम्प्युटरवर दाखवली. खाली लिवल्यालं, जुनी तपकिरीची डबी. मला ऱ्हावलं न्हाय. कुणाच्या तरी टेबलावर सिगारेटची राख पडंल हिच्यात, म्हणून घेतली.” मग म्हणाले, “तुमी उघडून बघितली न्हवती काय विकताना?”

मी डबी हातात घेतली. अप्पांच्या गळ्यातली लिंगाची डबी मला ओळखू येणार नाही? अव्वाच्या कमरपट्ट्याच्या चांदीतून घडवलेली. घडवल्यापासून त्यांच्या छातीवर होती. अंघोळीला नाही, तापात नाही, कधी उतरवली नाही. एकदाच उतरवली, हॉस्पिटलात, स्कॅनला नेताना, आणि ती तुझ्या हातात दिली, कारण तेव्हा तिथं तू एकटाच होतास. त्याच संध्याकाळी अप्पा गेले. दुसऱ्या दिवशी रुद्रभूमीत समाधीच्या खड्ड्यात त्यांना बसवलं, तळहातावर लिंग ठेवायची वेळ आली, स्वामींनी मागितलं, तेव्हा तू काय म्हणालास ते आठव. म्हणालास, हॉस्पिटलात कुणीतरी लांबवली. आणि कुणी विचारलंही नसताना वॉर्डात झाडलोट करणाऱ्या तानाबाईंचं नाव घेतलंस. ती बाई तिसऱ्या दिवशी आपल्या दारात येऊन रडली, “लेकरांची शपथ, म्या हात लावला न्हाय.” तू आत बसून ऐकत होतास. बाहेर आला नाहीस.

माणूस ज्या लिंगाची जन्मभर पूजा करतो ते हातात घेऊनच मातीत बसतो. आपल्यात एवढं तर शाळेत न गेलेल्यालाही कळतं. अप्पांना स्वामींनी आपल्या झोळीतलं दुसरं लिंग दिलं आणि आपण माती लोटली. तेव्हापासून अव्वा रोज पूजा झाली की म्हणते, “परकं लिंग हातात दिऊन बसवलं त्यास्नी. त्येंचं सोताचं गेलं कुठं?” वर्ष उलटून गेलं, एक दिवस चुकलेला नाही. आणि ते होतं कुठं? स्कॅनच्या धावपळीत टाकून विसरला असशील त्या तुझ्या बॅगेत, पुण्यात.

मास्तरांनी माझ्यासमोर डबी उघडली. टोपण आधी अर्धं फिरवायचं आणि मग उचलायचं असतं. आत अप्पांचं लिंग होतं, कापडात घट्ट बसवलेलं, त्यांच्याच हातचं. तू हलवून पाहिली असशील, आवाज आला नाही म्हणून रिकामी समजला असशील, लिंग हॉस्पिटलातच पडलं असेल अशी मनाची समजूत घातली असशील. एवढा संशयाचा फायदा मी तुला देते, कारण नाही दिला तर मला तुझी बहीण म्हणवून घेता येणार नाही. इंजिनियरिंगच्या हॉस्टेलवर तू स्वतःचं लिंग उतरवलंस ते पुन्हा घातलं नाहीस, मग डबी उघडते कशी हे तुला कुठून माहीत असणार? पण डबी अप्पांची आहे हे तर माहीत होतं? बॅगेत सापडली त्या दिवशी मला फोन करायला काय झालं होतं? आक्का बोलेल, म्हणून भ्यालास? बोलले असते. चार दिवस बोलले असते आणि गप्प बसले असते. त्यापेक्षा तुला अख्ख्या देशातून एक बिनतोंडाचा बाजार शोधून काढणं सोपं वाटलं.

रक्षितानं नंतर साइटवरचं ते जुनं पान शोधून काढलं. फोटो, नंबर आणि तू लिहिलेल्या चार इंग्रजी ओळी. तिनं मला मराठीत सांगितलं. ‘तपकिरीची डबी, चांदी, जुनी घडण. टोपणावर किरकोळ पोचे.’ ते किरकोळ पोचे कशाचे आहेत तुला ठाऊक आहे का रे? तू सात-आठ महिन्यांचा होतास, दात येत होते. अप्पा गल्ल्यावर तुला मांडीवर घेऊन बसायचे आणि तू त्यांच्या गळ्यातली डबी तोंडात धरून चावायचास. अव्वा ओरडायची, बाटवली म्हणून. अप्पा म्हणायचे, “चावू दे की. त्येचंच हाय सगळं.” भांडीवाल्याला पोचे काढायला किती वेळ लागतो? लाकडी हातोडीचे दोन टोले. त्यांनी ते जन्मभर काढले नाहीत. मी माळ्याच्या जिन्यावर बसून रडले, आणि मग तुला इतक्या शिव्या दिल्या की रक्षितानं दार लावून घेतलं.

आता हे पत्र का लिहिलं ते ऐक. मास्तर पैसे घेईनात, डबी माझ्याकडे ठेवून गेले. तानाबाईंकडे मी जाऊन आले, त्यांना खरं काय ते सांगितलं आणि तुझ्या वतीनं हात जोडले. ते तुझं काम होतं. स्वामींशीही बोलले. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अप्पांच्या समाधीत लिंग ठेवायचं ठरलंय. मी ठेवलं तरी चालतं, आपल्यात बाईला ना नाही, आणि मी एकटीच ठेवणार होते. तुला कळवणारही नव्हते. पण लिंग सापडलं हे अव्वाला सांगायला गेले, तर तिनं पहिला प्रश्न केला, “कुणाला घावलं?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, अमरेशला. बॅगेच्या अस्तरात गेलं होतं, त्यानंच शोधून काढलं, तो घेऊन येतोय. खरं सांगितलं असतं तर ती जगली नसती, खोटं बोलले तर वर्षानंतर हसली. “माझा अमऱ्या हाय की तसा, हुडकल्याबिगर ऱ्हायला न्हाय,” असं खिडकीतूनच गल्लीभर सांगत सुटलीय, तुझ्यासाठी हुग्गीची खीर करायला गहू निवडून ठेवायला लावलाय. तेव्हा यावं लागेल. मी तुला माफ केलेलं नाही, करेन असंही वाटत नाही, आणि तिच्यासमोर हे तोंडावर दिसू देणार नाही, तूही देऊ नकोस. कुणी विचारलं तर बॅगेचं अस्तर, एवढंच बोल. सोमवारी पहाटेच्या गाडीनं उतर, पण रिक्षानं थेट दारात येऊ नकोस. मी कारखान्याच्या फाट्यावर उभी असेन. तिथं डबी तुझ्या हातात देईन. अव्वा खिडकीतूनच बघत असते, गल्लीत शिरताना ती तुझ्या हातात दिसली पाहिजे.

तुझीच, आता त्याला इलाज नाही म्हणून,
आक्का