काचेची दारं कधी लावायची

ती. बाबा,
आयर्लंडहून तुम्हाला आणि आईला जय भीम.

मी बरी आहे. थंडी खूप आहे, पण मी ज्या आजींना सांभाळते त्यांच्या घरी लाकडाची फायरप्लेस आहे. भिंतीतच शेकोटी, आणि तिला काचेची दारं.

पहिल्याच दिवशी ज्वाळा उसळल्या आणि मी झटकन दारं लावली. आपण डोंबिवलीत केमिकल कंपन्यांचा वास आला की आधी खिडक्या लावतो ना, तसंच. तर आजी ओरडल्या. आग मोठी असताना दारं उघडीच ठेवायची, नाहीतर काच तापून फुटते. ठिणग्यांसाठी फक्त जाळी ओढायची. दारं लावायची ती नुसते निखारे उरल्यावर.

म्हणजे भीती वाटते तेव्हा उघडं आणि शांत झालं की बंद? माझा अजून रोज गोंधळ होतो.

तिकडचंही कळत नाही. रत्नदीपदादा म्हणतो, बाबा एकदम ठीक आहेत. मग दोन शब्द बोलून तुम्ही फोन लगेच आईकडे का देता? मागे कोण खोकतं?

डॉक्टरकडे गेलात का? रविवारी फोन करते. खोकला आला तर फोनवरच खोका, आईकडे देऊ नका.

तुमची,
आमू