एका साच्यावर दोन कामगार

लालबाग,
१२ जुलै २००४

ती. स्व. अप्पा यांच्या पायांवर शामरावचं डोकं (त्यात सध्या जे काही शिल्लक आहे त्यासकट).

तुमचे गुडघे, वहिनींचा दमा आणि परसातला फणस, तिघांचीही खुशाली कळवावी. इकडे आम्ही धडधाकट आहोत. फक्त घरात एक नवा इसम राहायला आला आहे आणि मला त्याचा संशय येतो. इसम म्हणजे कॉम्प्युटर. कालिंदीच्या ऑफिसात मोडीत निघाला होता, तो लेकीने टॅक्सीत घालून आणला. कारण तुम्हाला ठाऊकच आहे: गिरणीच्या जागेवर कामगारांना घरं मिळणार म्हणतात, त्यासाठी आपल्या मंडळाची नावांची यादी महिनाअखेर कचेरीत द्यायची आहे. (तुम्ही अध्यक्ष, मी चिटणीस, बाकी मंडळ चहापुरतं.) यादीत नाव नाही, त्याला घर नाही. एवढी साधी गोष्ट आहे.

पण ज्या मराठी प्रोग्रॅममध्ये मी यादी टाइप करतो तो फक्त जुन्या विंडोज अठ्ठ्याण्णववर चालतो, आणि प्रिंटर ओळख देतो ती फक्त नव्या एक्सपीला. म्हणून एकाच डब्यात दोघांना बसवायचं ठरलं. बसवणारा कोण, तर शेजारच्या खोलीतला चंदू! हो, तोच. साचाखात्यात माझ्या शेजारच्या साच्यावर कापड विणायचा आणि संपाच्या नवव्या महिन्यात मागच्या गेटने कामावर गेला, तो. त्यानंतर एकवीस वर्षं मी त्याच्याशी फक्त नळाच्या वेळेबद्दल बोललो आहे. गिरणी बंद पडल्यावर हा म्हणे कॉम्प्युटर दुरुस्ती शिकला. कालिंदीने मला न विचारताच त्याला बोलावलं.

मी स्टूल घेऊन त्याच्या उजव्या खांद्याशी बसलो, ते दोन दिवस हललो नाही. त्याने आल्या आल्या पहिलं काम केलं ते डिस्क पुसण्याचं. दुसऱ्याच्या घरात येऊन सुरुवातच पुसण्यापासून करणारा माणूस सरळ असतो का, तुम्हीच सांगा. मग डिस्कचे दोन वाटे केले, त्यात नव्याचा मोठा. मी ते कागदावर टिपून ठेवलं. जाताना मात्र बजावून गेला, "आधी जुनो घालूचो, मगे नवो. उलटा करू नको हां, शामराव." मला बजावतो! यादी मी फ्लॉपीवर घालून ती फ्लॉपी डब्यात आणि डबा कपाटात ठेवला होता, कारण हा पठ्ठ्या माझंच नाव उडवणार याची मला खात्री होती.

तो गेल्यावर मशीन चालू केलं. काळ्या पाटीवर दोन नावं आली आणि खाली तीस सेकंदं उलटी पळू लागली. तेवढ्यात तुम्ही निवडलं नाही तर वरचा आपोआप कामाला लागतो. आणि वर कोण? नवा! अठ्ठ्याण्णव सालचा कामगार खाली आणि काल भरती झालेला वर. आपल्या खात्यात अशी हजेरी लागली असती तर अख्खं खातं साचे बंद करून बाहेर आलं असतं. हे चंदूचंच काम, मागच्या गेटवाल्याला सीनिऑरिटीची काय कदर! मी जुन्याची सीडी काढली आणि त्याला स्वतःच्या हाताने पुन्हा बसवला, म्हणजे तो वर येईल. तास गेला. मशीन उठलं. पाटी नाही, निवड नाही, एकटा जुना हसत उभा. नवा गायब, आणि त्याच्याबरोबर प्रिंटरही.

कालिंदी म्हणाली, "बाबा, आता तुम्हीच बोलवा त्यांना." गेलो. दारात उभा राहून आधी नळाची वेळ विचारली. चंदू उठला, नव्याची सीडी घातली, काळ्या पडद्यावर एक शब्द टाइप केला आणि दोघेही हजर झाले. "जुनो मागसून इलो काय नव्याचा दार लावन घेता," तो म्हणाला. "नवो खंय गेलो नव्हतो, आतच होतो."

मग मी कपाटातून डबा, डब्यातून फ्लॉपी काढली. यादी उघडल्यावर माझी नजर त्याच्या बोटांवरून ढळली नाही. त्याने पानाकडे पाहिलंही नाही. म्हणाला, "ह्या यादीत माजा नाव नाय, तां मी पयल्याच दिवशी, डिस्क पुसूच्या आधी बघलंय. किती कापी काढू?" मला फार लाज वाटली, अप्पा. मी म्हटलं, तीन.

तुमचा आज्ञेतला (आजपर्यंत तरी),
शामराव

ता. क. सोबत यादी आहे. तुमच्या सहीशिवाय कचेरी ती घेणार नाही. चंदूचं नाव गाळायचं आपण दोघांनी ठरवलं होतं आणि गाळलं मी. त्या तीन कापी मी फाडल्या. ही चौथी. एक्केचाळिसावं नाव पाहा, शेवटी चिकटवलेलं नाही, सीनिऑरिटीप्रमाणे त्याच्या जागी आहे. खाडाखोड न करता सही करावी.

ता. क. २. पेन खोडायला उचललंत तर एवढं आठवा. संपातल्या त्या दिवाळीत तुम्ही आमच्याच खोलीत होता. चंदूची बायको ललिता रोज संध्याकाळी भाताचं पातेलं आणून ठेवायची आणि न बोलता जायची. तो कुठल्या पगाराचा भात, हे आपल्या दोघांनाही कळत होतं. तुम्ही दुसऱ्यांदा मागून घ्यायचात. मी तिसऱ्यांदा.