सतरा लाकडी कौलं

१२ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. घरी सगळे बरे आहेत. तूही बरा असशील असं धरून चालते, कारण फोनवर तू आईला "बराय" याखेरीज काही सांगत नाहीस. बाबांचा गुडघा ओल्या हवेत कुरकुरतो आणि त्याच्याबरोबर बाबाही. तू मला ठेवलेलं नाव, मोजपट्टी, अजून चालू आहे. हल्ली गिऱ्हाईकंही त्याच नावाने हाक मारतात.

बातमी अशी की घराचं छप्पर यंदा मी एकटीने हातात घेतलं. बाबा अंगणात खुर्ची टाकून बसतात.

"दोर बांधलास का?"

"बांधला. दोनदा तपासला."

"तिसऱ्यांदा बघ."

खरं म्हणजे तोवर मी चौथ्यांदा बघितलेलं असतं.

सावलीतल्या उतारावर शेवाळाची गादी झाली होती. शेजारच्या काकांनी जोराच्या पाण्याचा पंप देऊ केला. "तासाभरात चकाचक, पोरी!" मी म्हटलं, "काका, शेवाळाबरोबर लाकूडही जाईल." मऊ ब्रश, साबणाचं पाणी आणि नेहमी वरून खाली. उलटं घासलं की पाणी कौलांखाली शिरतं. पन्हळीतून तीन बादल्या पाला निघाला. मग एकेक कौल बोटाने ठोकून पाहिलं. धडधाकट लाकूड टणक बोलतं, कुजलेलं भद्द. त्रेचाळीस कौलं बदलली. या कामात मला आता कुणाला विचारावं लागत नाही. (हे वाक्य दोनदा खोडलं. आता राहू देते.)

मग उरला तो पत्रा.

तू घातलेलं छप्पर तुझ्याच खोलीवर गळायला लागलं तेव्हा बाबांनी काहीही न उचकटता वरून ठोकलेला. आणि स्वयंपाकघरात तुला म्हणाले होते, "ज्याला स्वतःच्या घराचं छप्पर नीट घालता येत नाही, त्याने माझ्याबरोबर काम करू नये." त्या आठवड्यात तू गेलास. दहा वर्षं झाली.

परवा मी पत्रा काढला. खाली एका ओळीत सतरा कौलं, सगळी फुगून कमानीसारखी वर आलेली, कडा एकमेकींत घुसलेल्या. दोन कौलांत चपट्या पेन्सिलीएवढी फट ठेवायची, ओलं लाकूड फुगतं, त्याला जागा लागते, हे बाबांनी तुला शिकवलं होतं. तुझ्या बाकीच्या प्रत्येक ओळीत पेन्सिल आजही सरळ जाते. मी सगळीकडे घालून पाहिली.

कौलं उपटली तेव्हा झाकलेल्या भागावर आकडे दिसले. एक ते सतरा, पेन्सिलीने, प्रत्येकाभोवती गोल. बाबा घरी गणित शिकवायचे तेव्हा उत्तराभोवती मी करायचे, तसा गोल.

तुला आठवत असेलच. छप्पर घालताना तू आणखी खिळे आणायला गेलास आणि मला बजावलंस, "शांत बस, कशाला हात लावू नकोस." मी अकरा वर्षांची होते. तू येईपर्यंत उरलेल्या खिळ्यांनी अख्खी ओळ ठोकली, क्रम चुकू नये म्हणून आकडे घालून, आणि मध्ये केसाएवढीही फट दिसू नये म्हणून दाबून दाबून. तू आलास, ओळीकडे बघत जरा थांबलास. मग म्हणालास, "माझ्यापेक्षा सरळ आहे गं," आणि तिच्यावर पुढची ओळ घेतलीस. तू का थांबलास ते मला परवा कळलं.

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं.

फटीचं मला ठाऊक नव्हतं, पण ती ओळ माझी आहे हे तेव्हाच ठाऊक होतं. गळायला लागल्यावर, गळती माझ्याच ओळीखाली आहे का ते बघायला, मी माळ्यावर जाऊन खिडकीपासून वासे मोजले होते. दोनदा. बाबा तुला बोलत होते तेव्हा मी जिन्यात उभी होते. तू एकदा वर पाहिलंस. मी आणखी दोन पायऱ्या वर गेले. तू काही बोलला नाहीस, मीही नाही. त्यानंतर आजवर मी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासते आणि लोक म्हणतात, किती काटेकोर मुलगी.

काल सतरा कौलं जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली. बाबांनी चार नंबरचं उचललं.

"हे आकडे तुझे."

"हो."

"मग तो तेव्हा का नाही बोलला?"

"बोलायला मी हवं होतं, बाबा."

आई उठून ओट्याकडे गेली आणि पाठमोरी उभी राहिली. बाबा बराच वेळ कौल उलटंसुलटं करत राहिले. मग म्हणाले, "शिडी धर." तो गुडघा घेऊन ते माळ्यावर चढले. आपल्यात ज्याने छप्पर घातलं त्याचं नाव आढ्याखालच्या तुळईवर लिहितात. तुझं त्यांनी पटाशीने खरवडून काढलं होतं. खरवडलेल्या जागी पेन्सिल उमटेना, म्हणून शेजारी लिहिलं. तुझं पूर्ण नाव, पुढे त्यांचं. उतरता उतरता थांबले, परत वर गेले आणि खाली बारीक अक्षरांत आणखी काहीतरी लिहिलं. ते झोपल्यावर मी जाऊन वाचलं:

"सतरा सोडून."

ती ओळ मी आज फट ठेवून नव्याने घातली. तू परत यावंस म्हणून हे लिहीत नाही. ते तुझं तू ठरव. चूक माझी होती, आणि गप्प बसले ती त्याहून मोठी. हे पत्र मी एकदाच लिहिलंय आणि न तपासता पाकिटात घालतेय.

तुझी,
जिन्यातून खाली आलेली
मोजपट्टी