बाहुलीघराच्या कोठीतला दिवा

आई, काल संध्याकाळी महालक्ष्म्या घरी आल्या, आज त्यांचं जेवण झालं, सवाष्णी विडा घेऊन गेल्या, आणि आता दुपारी सगळी आडवी झाल्यावर मी तुला लिहायला बसलेय. तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहिते. मला मॅट्रिकपर्यंत शिकवलं ते तूच. यंदा आरास म्हणून देवीपुढं नातीचं बाहुलीघर मांडलं. कपाटाचं प्लायवूड उरलं होतं, त्यातून ह्यांनी ते केलं. वर दोन खोल्या, खाली बैठक नि स्वयंपाकघर, आणि जिन्याखाली नखाएवढ्या झरोक्याची कोठी. कोठी मी हट्टानं मागून घेतली, आत कापडाचं इवलं पोतं ठेवलं. धान्य ठेवायला जागा न्हाई ते घर कसलं? पण लाइट मात्र मी बसवले. हे म्हणाले, "बाहुल्यांना लाइट कशाला? त्यांचं मीटर कोण वाचणार?" मी म्हटलं, "त्यांच्यात दिवसा पंखा लावून झोपणारं कुणी न्हाई."

तांदळाच्या दाण्याएवढे पाच दिवे गंजगोलाईच्या बाजारातून आणले. दोन सेलची डबी मोडक्या खेळण्यातली होतीच. दहावीला शिकले होते, दिवे एकामागं एक जोडले तर एक गेला की सगळे जातात. म्हणून प्रत्येकाच्या दोन्ही तारा स्वतंत्रपणे त्या डबीपर्यंत आणल्या. पोती शिवायच्या दाभणानं छताला भोकं पाडली, तारा मागच्या भिंतीवरून घेतल्या, वर कागद चिकटवला. तारा केसासारख्या. मुलगा दोनदा पिळायला गेला नि दोनदा तोडल्या. मी तोडली न्हाई एकही. तू ओसरीवर बसून मला फुलवाती वळायला शिकवतेस, माझ्या बोटांवर टिचकी मारतेस, "जोर कशाला करतीस गं? कापूस आपसूक वळतो." तारही तशीच वळते, आई.

चार खोल्या उजळल्या. पाचवी, कोठी, काही उजळेना. दिवा उलटसुलट करून पाहिला, सेल बदलले. दिवस कलला, सूनबाई दारात हळदीकुंकवाची पावलं काढून राहिली होती. मुलगा म्हणाला, "कोठीचं दार गोंदानं चिकटवून टाक ना. आत कोण बघायला जातंय?"

माझा हात थांबला. लक्ष्मी आत येताना घरभर फिरवतात, खोली न् खोली दाखवतात, आणि एकही खोली अंधारी ठेवायची न्हाई, हे तुझंच सांगणं. नांदेडच्या आपल्या घरात बल्ब एकच, बैठकीत. बाकी खोल्यांत समया नि पणत्या. मी अकरा-बारा वर्षांची. तू मुखवट्याचं ताट घेऊन उंबऱ्यावर उभी आहेस, काकू घंटा वाजवतेय. तू विचारतेस, "कोठीत दिवा लावला का गं?" मी म्हणते, "हाव, लावला." तू घर दाखवत दाखवत कोठीपाशी येतेस, आणि आत काळोख. घंटा थांबते. तू माझ्याकडं बघतेस, मी म्हणते, "वाऱ्यानं गेला असंल." तू काकूला सांगतेस, "हाव, वारं लई सुटलंय," आणि तशीच पुढं जातेस. रात्री जेवताना तू माझ्याशी बोलली न्हाईस. दुसऱ्या वर्षापासून महालक्ष्म्यांच्या दिवशी तू स्वतः कोठीत जायचीस, झरोक्यात फडकं कोंबायचीस, मग पणती ठेवायचीस. जाईपर्यंत तसंच केलंस.

मी मुलाला म्हटलं, "गोंद ठेव तिकडं." चष्मा पुसला आणि तार उन्हाकडं धरली. या तारांवर लाखेसारखा पातळ थर असतो, तो काढल्याशिवाय वीज जात न्हाई. इतर चारांची टोकं मी ब्लेडनं खरवडली होती, हिचं मात्र एक टोक राहिलेलं आता दिसलं. म्हणजे चूक माझी, दिव्याची न्हाई. टोक खरवडलं, वळलं, डबीला लावलं. नात जमिनीवर पालथी पडून आत बघत होती. ओरडली, "आजी, कोठीतलं पोतं दिसलं!" तितक्यात सूनबाई ताट घेऊन उंबऱ्यावर आली. मी बाहुलीघर उचलून जागेवर ठेवलं. देवी सगळं घर फिरून आली, आणि माझ्या सांगण्यावरून सूनबाईनं ताट खाली नेऊन त्या पाचही खोल्या दाखवल्या.

आई, त्या दिवशी वारं नव्हतं. मी कोठीत गेलेच नव्हते. पणती भरून हातात होती, पण दारावर पाल होती. तुला हाक मारायची लाज वाटली, म्हणून पणती चुलीमागं ठेवून आले. तू एवढी वर्षं फडकं कोंबलंस ते माझ्या बोलण्यापायी.

आणि ते तिथंच थांबलं न्हाई. आज सकाळी नांदेडहून वहिनीचा फोन आला. नातीनं तिला बाहुलीघराचा फोटो पाठवला होता. म्हणाली, "वन्सं, लई सुरेख झालंय. पण कोठीच्या झरोक्याला फडकं दिसंना. आपल्यात पद्धत हाय, सासूबाईंनी कधी चुकवली न्हाई." मला खरं सांगता आलं असतं. मी म्हटलं, "हाव, लावलंय की." फोन ठेवला, आणि जुन्या खणाची नखाएवढी चिंधी कापून घाईघाईनं झरोक्यात कोंबली.