लुगड्याची खोपडी

१० मे
उद्या ओवी येणार. माझा विनू आणि स्वाती वेगळे झाल्यापासून नात या घरी पहिल्यांदाच. विनू सुरतेत, त्याला रजा नाही. असती तरी... असो. सोडायला स्वातीच येईल, आठवड्याने न्यायला. फोनवर म्हणाली, "बघू. रमली तर पुढेही पाठवेन." म्हणजे परीक्षा माझी. तहसील कचेरीत जन्म गेला, खात्याच्या परीक्षेला एवढी घाबरले नव्हते.
कूलरचं गवत बदललं. चिवडा केला.

११ मे
आल्या. स्वा. चहा घेऊन लगेच परतीच्या गाडीला. मला आता ती काहीच म्हणत नाही. पूर्वी 'आई' म्हणायची, आता 'अहो, ऐकता का' वर भागवते.
ओवी पलंगाआड जाऊन बसली, बॅग पोटाशी. जेवली नाही. शेजारच्या कमलबाई डोकावल्या, "काऊन वं, आजीले भेते काय?" पोर आणखी आत सरकली. बाईंना कसंबसं वाटेला लावलं.

१२ मे
आजही पलंगाआडच. शेवटी म्हटलं, लपायचंच आहे ना, मग नीट लप. ट्रंकेतून सासूबाईंचं हिरवं नऊवारी काढलं. एक टोक पलंगाच्या दांडीला, दुसरं गव्हाच्या कोठीवर, उडू नये म्हणून त्यावर वरवंटा. मध्ये दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून. कडेने कपड्यांचे चिमटे. आत गादी.
मग आतून पहिलं वाक्य, "आजी, इकडून मी दिसतेय." तिथं टॉवेल लावला.
दूधपोळी खाल्ली. आतच.

१३ मे
"माझी मैत्रीण पण करते असं. ते फोर्ट म्हणतात."
"फोर्ट कायचा वं, खोपडी आहे ही. वावरात राखणीले असते तशी."
तिला शब्द फार आवडला. दिवसभर खोपडी, खोपडी.
दु. उकाडा. कूलरचं तोंड खोपडीकडे केलं तर लुगडं भाकरीसारखं टम्म फुगलं, आणि वरवंटा घरंगळत माझ्या पायाशी. थोडक्यात वाचले. दोघी हसून हसून बेजार. या घरात मी केव्हा हसले होते आठवेना.

१४ मे
लोणारला न्यायचं ठरलं होतं. दशम्या, चटणी बांधून तयार. तर म्हणते, आपण खोपडीतच खाऊ ना. परदेशातून लोक ते सरोवर बघायला येतात आणि आमच्या बाईसाहेबांना लुगडं पुरे. शिरले आत. शिरता येतं मला, निघता येत नाही. ती दोन्ही हात धरून ओढते.

१५ मे
घोटाळा. ओवीने सकाळी आईला सांगितलं, "मी आजीच्या खोपडीत झोपते." स्वा.ने फोन माझ्याकडे मागितला. आवाज चढलेला. "कसली खोपडी? काय दाखवताय तुम्ही तिला?" मला कळेचना चुकलं काय. घाबरून म्हटलं, "अगं, चांगली मोठी आहे. तीन माणसं मावतात." मग ती हळूच म्हणाली, "खोपडी म्हणजे... कवटी ना?"
तेव्हा माझ्या डोक्यात उजेड. लुगडं, कोठी, वरवंटा सगळं सांगितलं. ती हसायला लागली. हसता हसता म्हणाली, "आई, तुम्ही पण ना."
बोलून गेली आणि थांबली. मी घाईने फोन ठेवला.
दिवसभर तेच कानात.

१८ मे
स्वा. न्यायला आली. ओवीने हाताला धरून तिला खोपडीत नेलं. मी बाहेर उभी. "आजी, तू पण." तिघी गुडघ्याला गुडघा लावून. स्वा. लुगड्यावरून हात फिरवत म्हणाली, "किती मऊ झालंय." विनूचा विषय कोणी काढला नाही. दिवाळीला पाठवशील का, हे अगदी ओठावर होतं. तेवढ्यात गाडीची वेळ झाली. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. पास की नापास, काही कळलं नाही.

२१ मे
घर खायला उठतं. कमलबाई म्हणाल्या, "आता तं मोडा ते. लेकरू गेलं न." मोडते म्हटलं. गव्हाची कोठी उघडायची तर वरवंटा उचलावा लागणार. दुकानातून तयार पीठ आणलं. पोळ्या चिवट होतात त्याच्या.

२६ मे
ओवीचा फोन. पुण्याच्या घरी खोपडी करून राह्यली म्हणते, माझीच नक्कल. पण आईच्या ओढण्या पुरत नाहीत, मधेच घसरतात. "आजी, तुझं लांबवालं लुगडं पाठव ना. कुरिअर कर." हो म्हटलं. मागून स्वातीचा आवाज आला, "आईंना..." एवढं स्वच्छ ऐकू आलं, आणि रेंज गेली.
आईंनाच घेऊन यायला सांग? की आईंना त्रास देऊ नको? दोन्ही तिच्या तोंडी शोभतं.
पण 'आईंना' म्हणाली. ते मी ऐकलं.

२७ मे
मोडली. लुगडं धुतलं, वाळवलं, घडी केली. पलंग आणि कोठीमधली जागा एवढी मोठी होती हे विसरले होते.

२८ मे
लुगडं घेऊन कुरिअरवाल्याकडे गेले. "पाठवायचं काय, काकू?" त्याने हात पुढे केला. माझ्या हातून पिशवी सुटेना. उद्या येते म्हटलं. तशीच पुढे स्टँडवर गेले, पुण्याच्या गाडीची चौकशी केली. सकाळची आहे.
घरी येऊन त्याच पिशवीत माझे एक जोडी कपडे मावतात का ते बघितलं. मावतात.
स्वातीला फोन करून विचारायला हवं. दोनदा नंबर काढला.