बेस वाढवला की!

शनिवार, १२ जानेवारी

किळस आलीये. माझीच.

दाढ दुखतेय असं मॅनेजरला खोटं सांगून हाफ डे घेतला, आणि कात्रजच्या एका कॉलेजात गॅदरिंगला वाजवलं. स्टेजवर बेस गिटारला वेगळा स्पीकर नाही, वायर थेट साउंडवाल्या काकांच्या मिक्सरमध्ये. पहिल्याच गाण्यात मला माझं काही ऐकू येईना. ओरडलो, "काका, बेस वाढवा!" त्यांनी अंगठा दाखवला. लगेच अख्खं स्टेज घुमायला लागलं, छातीत हादरे. मीही खूश होऊन अंगठा दाखवला आणि पाच गाणी डोळे मिटून, मान हलवत वाजवली. बोटाला फोड आलाय.

नंतर वायर गुंडाळायला गेलो, तर तिचं दुसरं टोक टेबलाखाली लोळत पडलेलं.

"तुमच्या आधी पाहुण्यांच्या भाषणाला माइक लावायचा होता, तेव्हा काढली," काका म्हणाले.

"अहो, मी बेस वाढवा म्हणालो ना?"

"वाढवला की! हे बघा." मिक्सरवरचं बेसचं, म्हणजे सगळ्याच आवाजांचा खर्ज वाढवायचं, बटण शेवटपर्यंत पिळलेलं. म्हणजे घुमत होते ते आमच्या समीरचे ड्रम.

तेवढ्यात समीरच आला. "आज काय टाइट वाजवलंस, यार!"

त्याला कळलं नाही, ठीक आहे. पण मला? तीन वर्षं बेस वाजवतोय आणि स्वतःचा आवाज ओळखता येत नाही?

काकांनी अंगठा दाखवला तेव्हाच समजायला हवं होतं. मराठी आहे मी.