खाली ढकललेलं

सोमवार, ४ तारीख
आलो एकदाचे! घर लहान आहे, पण भिंतीला ओल नाही आणि नळाला असा जोर की बादली दोन्ही हातांनी धरावी लागते. टेकडीच्या उतारावर एकाखाली एक अशी तीनच घरं. वर जीपवाले काका-काकू, मध्ये शिवणवाल्या मावशी, तळाला आम्ही दोघं. घर मला नोकरीसोबत मिळालं; तिन्ही घरांचं प्लंबिंग मी सांभाळायचं. गावातून प्लंबर येईपर्यंत म्हणे माणूस पोहायला शिकतो. ही म्हणाली, लोकांच्या मोऱ्या उपसून झाल्या, आता डोंगराची उपसा. पण खिडकीशी उभी राहून किती वेळ गुणगुणत होती! ती अशी खुशीत असली की मला दुसरं काही नको असतं.

बुधवार, ६
पहिलं बोलावणं, काकांची मोरी तुंबली. इथे सगळ्यांचं सांडपाणी एकाच जाड पाइपातून उतरतं. प्रत्येक घरामागे त्याला एक चेंबर, म्हणजे झाकणाचा सिमेंटचा हौद. आमचा शेवटचा, त्यापुढे शोषखड्डा. काकांना धीर कुठला! जाळी काढून त्यांनी आत हात घातला होता. मी पोचलो तेव्हा ते मोरीत बसून किंचाळत होते आणि हाताला दोन बोटं नव्हती. कापलेली नव्हती, उपटलेली होती. काकूंनी त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं.
मी मागे राहून तुंबलेलं मोकळं करायची लांब लोखंडी स्प्रिंग पाइपात घातली. ती मध्येच अडकली, मग उलटी ओढली गेली. मीही हट्टाला पेटलो. अंगातला सगळा जोर लावून ढोसलं, तेव्हा भसकन मोकळं झालं. बोटं आतल्या फुटक्या पाइपाच्या धारदार कडेत अडकली असतील असं मी मनाशी ठरवलं. हिला बोटांचं सांगितलं नाही.

शुक्रवार, ८
आजचं लिहून ठेवायलाच हवं.
सकाळी मावशींच्या मोरीतून पाणी उलटं वर आलं. हिचा धाकटा भाऊ कालच राहायला आलाय, तोही हौसेने सोबत निघाला. भाओजी, तुमची विद्या बघू तरी, असं चिडवत होता. मी मोरीतून स्प्रिंग मारत होतो, तो मागे चेंबरचं झाकण काढून पालथा पडून बघत होता. आत पांढरं काहीतरी हलतंय म्हणून ओरडला. मी धावलो तोवर त्याचा हात खांद्यापर्यंत आत गेला होता. मी त्याची कंबर धरून ओढलं. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. मग पहार घेतली आणि त्या पांढऱ्यावर हाणत सुटलो. मऊ होतं ते, आणि त्याला जागोजागी दात होते. घाव बसले तसं ते पाइपात शिरलं, पण हात घेऊनच.
मावशींनी पलंगावरची चादर फाडून बांधली. रक्त थांबलं नाही. तो त्या पलंगावरच गेला.

शनिवार, ९
ही मला जवळ येऊ देत नाही. बरोबर आहे तिचं. तिच्या भावाला मीच मारलं. तुंबलं की ढोसायचं, खालचा बघून घेईल, ही आम्हा प्लंबरांची खोड. काकांकडचं मीच मावशींच्या दारात ढकललं. आता मावशींच्या खाली फक्त आम्ही.
दुपारी आमच्या चेंबरमध्ये वरून येणाऱ्या पाइपाचं तोंड विटा-सिमेंटने बुजवलं. खाली यायची वाट बंद. मावशींना सांगितलं नाही. मग ते कुठे जाईल, असं त्यांनी विचारलं असतं. मला हिला वाचवायचंय, बाकी जग गेलं खड्ड्यात.
काकूंना फोन झालाय. उद्या सकाळी जीप आणतायत, मावशींकडे ठेवलेला त्याचा देह आणि आम्हाला न्यायला.

रविवार, १०
उठलो तर ही शेजारी नाही. भावापाशी बसायला वर गेली— मावशींकडे—
तिथेच, जिथे मी ते कोंडलं.

त्यानंतर
मोरीची फरशी फुटली आहे. मावशी कमरेपर्यंत आत ओढल्या गेल्यात, वरचं अंग हलत नाही. ही शिवणयंत्रावर चढलेली. दार आणि ती यांच्या मध्ये ते. खिडकीच्या गजांतून पहार खुपसली. ढिम्म. दात हिच्या पायाकडे—
पळत खाली आलो. विटा फोडल्या. वाट मोकळी केली.

रक्त लागतं त्याला, वासाने इकडे येईल. डावा दंड चिरून चेंबरमध्ये सोडलाय. वही गुडघ्यावर.
हे तुझ्यासाठी. जीप येईल. मला शोधायला खाली येऊ नकोस. चेंबरचं झाकण कुणाला उघडू देऊ नकोस. मावशींना मी मारलं, हे सगळ्यांना सांग. लपवू नकोस.

वरचा आवाज थांबला.
तू रडतेयस. ऐकू येतंय. म्हणजे आहेस.
पाइपात सरसर—

बोटं धरली. दुखतंय गं—
हात सोडवून घेणार नाही मी. तू पळ, मागे बघू नकोस, जीपपर्यंत पळ, मी धरलंय याला, तू पोचेपर्यंत धरून—